‘मी मेलो’ : चालू खेळाविषयीच्या बोलण्याचा विचार

नागपूरहून कामठी ओलांडून नदीवरील पूल उतरले की कन्हान लागते. कोळशाच्या खाणींचे हे गाव; रामटेककडे जाणारा रेल्वेचा फाटा येथूनच फुटतो. सायंकाळी चहाच्या टपरीवर जी तरुण मंडळी जमतात, त्यांच्या तोंडी पुष्कळदा एकच विषय असतो : सध्या कोण काय खेळतो आहे आणि कालचा डाव कसा झाला. बोली नागपुरी, तीत हिंदी मिसळलेली, आणि मधूनमधून मोबाइलवरील खेळातले इंग्रजी शब्द. ह्या बोलण्यास आपण गप्पा म्हणतो व पुढे जातो. प्रस्तुत लेखात त्याचा समीक्षा म्हणून विचार करावयाचा आहे. हा विषय विभागाच्या पत्रिकेस शोभत नाही असे ज्यांना वाटेल, त्यांनी हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली होती, हे आठवावे. तिच्या पहिल्या वाचकांना शेवट ठाऊक नसतानाच तिच्याविषयी बोलावे लागले असणार. अपुऱ्या कृतीविषयीचे मत मराठी वाचकास अगदीच अपरिचित नाही.

एक उद्गार घेऊ. ‘अबे, मी पोचिंकीत उतरलो नि लगेच मेलो.’ पोचिंकी हे एरँगेल नामक कल्पित बेटावरील गाव. बेट आठ किलोमीटर लांब व तितकेच रुंद. ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ ह्या खेळात शंभरापर्यंत खेळाडू विमानातून छत्रीने त्यावर उतरतात, घरे धुंडाळून शस्त्रे जमवितात, आणि सुरक्षित वर्तुळ आकसत जाते तसतसे परस्परांच्या समीप ढकलले जातात. अखेरीस जो खेळाडू किंवा जो गट उरेल तो जिंकतो. कादंबरीचा वाचक ‘नायक मेला’ म्हणतो. तो ‘मी मेलो’ कधी म्हणत नाही. येथे मात्र आस्वाद घेणारा व कृती करणारा एकच आहे, आणि ह्या बोलण्याचे सारे वैशिष्ट्य त्या प्रथमपुरुषात आहे.

हे ‘मेलो’ इंग्रजीवरून आले असावे, असा तर्क कोणी करील. तो आम्हांस मान्य नाही. हुतुतूच्या मैदानावर बाद झालेला गडी ‘मेला’ असेच आपण म्हणत आलो. संजीवनी नामक प्रकारात प्रतिपक्षाचा गडी मेला की आपला मेलेला गडी जिवंत होई. मोबाइलच्या पडद्यावर घायाळ होऊन पडलेला सोबती जेव्हा ‘उठव ना बे’ अशी हाक घालतो, तेव्हा तो नवे काही बोलत नाही. जुन्या मैदानाची भाषा नव्या मैदानावर बोलतो. २०२१ मध्ये ह्या खेळाची भारतीय आवृत्ती निघाली, तेव्हा तीत रक्ताचा रंग हिरवा करण्यात आला आणि ‘किल’च्या जागी ‘फिनिश’ हा शब्द योजिला गेला. टपरीवर ‘मारला’ आणि ‘मेलो’ हेच शब्द कायम आहेत. ह्यात कठोरपणा शोधणे व्यर्थ होय. मराठी खेळातील मरण हे कधीच खरे मरण नव्हते. ते सौम्य करण्याची खटपट मराठीपुरती तरी अनावश्यक ठरली.

आता मुख्य प्रश्न. खेळताना ह्या तरुणास जे भय वाटते, तो भयानक रस होय काय? अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त रसाची सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतील एक ‘निजसुखादिविवशीभाव’, म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखात गुंतून पडणे. अखेरच्या वर्तुळात ज्याचे हात कापत आहेत तो ह्या विघ्नाने पूर्णतया ग्रासलेला असतो. त्याचे भय त्याचे स्वतःचे आहे. त्याचे साधारणीकरण झालेले नाही. तेव्हा खेळ चालू असताना खेळणाऱ्यास रसास्वाद नाही, असेच म्हणावे लागेल. परंतु दुसऱ्या दिवशी तोच तरुण चहा घेताना हकीकत सांगू लागतो, तेव्हा काय घडते ते पाहावे. शस्त्रे शोधण्यात घालविलेला वेळ तो एका वाक्यात आटोपतो, शेवटची दोन मिनिटे मात्र विस्ताराने सांगतो. कोठे थांबावे, शत्रूचा पायरव केव्हा ऐकवावा, हे त्याला कोणी शिकविलेले नसते. त्या निवडीत भय त्याच्यापासून सुटून सर्वांचे होते. रस खेळात नसून खेळाच्या ह्या सांगण्यात निष्पन्न होतो, असे आमचे मत आहे. आणि म्हणून हे बोलणे खेळाची पुरवणी नव्हे.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. ह्या खेळात मेलेल्या गड्यास आपल्या गटातील जिवंत सोबत्याचा डाव पडद्यावर पाहता येतो; मग तेथे प्रेक्षक आहेच की. आक्षेप योग्य आहे, परंतु तो आमच्या बाजूचाच पुरावा होय. मेला की गुंतणे संपते. सोबत्याची चूक त्याला दिसते, ती तो मोठ्याने सांगतो, पुष्कळदा शिवीसह. समीक्षक येथे मरणानंतर जन्मास येतो. (आपल्या क्षेत्रात क्रम उलटा आहे, असे एखादा लेखक म्हणेल.)

ह्या समीक्षेचा शब्दसंग्रह तोकडा आहे हे मान्य केले पाहिजे. ‘भारी’ व ‘बेकार’ ह्यांच्या मधल्या छटा विरळा. तिसरा निर्णायक शब्द ‘लॅग’ : जाळे मंद असल्याने चित्र अडखळले व डाव हातचा गेला. साहित्याचा अध्यापक म्हणेल, हा दोष साधनाचा, कृतीचा नव्हे. परंतु अभिनवगुप्ताच्या त्याच यादीत ‘प्रतीत्युपायवैकल्य’, म्हणजे प्रतीतीच्या साधनांची उणीव, हेही विघ्न म्हणून नोंदलेले आहे. तरुणांनी लॅगचा उल्लेख करणे रास्त होय. त्यावरच निकाल देऊन मोकळे होणे रास्त नव्हे. आकसणाऱ्या वर्तुळाच्या रचनेविषयी, जिच्यात नाट्याच्या बांधणीचे खरे कौशल्य आहे, ते क्वचितच काही बोलतात.

पुण्याच्या नोडिंग हेड्स संस्थेचा ‘राजी’ (२०२०) हा खेळ वेगळ्या जातीचा. भावाच्या शोधात निघालेली सर्कशीतील मुलगी, आणि तिची कथा सांगणारे दुर्गा व विष्णू. तो संपतो, आणि संपल्यावर त्याच्याविषयी कादंबरीसारखे बोलता येते. एरँगेलचा डाव संपतो, खेळ संपत नाही.

तो थांबविला मात्र जातो. ‘पबजी मोबाइल’वर २ सप्टेंबर २०२० रोजी अन्य एकशे सतरा उपयोजनांसह बंदी आली व ३० ऑक्टोबरला त्याची सेवा भारतात बंद झाली. २ जुलै २०२१ रोजी तो नव्या नावाने आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा काढला गेला, मे २०२३ मध्ये परतला. दुर्मीळ पुस्तक निदान एखाद्या ग्रंथालयात सापडते. ह्या मधल्या महिन्यांत खेळणाऱ्यांजवळ उरले ते केवळ सांगणे. जात्यावरच्या ओव्या ज्या आस्थेने आपण ध्वनिमुद्रित करून ठेविल्या, ती आस्था ह्या सांगण्याच्या वाट्यास अद्याप आलेली नाही.

कन्हानला दोघे जण बंदीपूर्वीच्या एका डावावरून वाद घालीत होते. शेवटचा शत्रू छपरावर होता की जिन्यात, हा वादविषय. त्या डावाचे चित्रण दोघांपाशीही नाही. तिसरा मन लावून ऐकत होता. त्याने हा खेळ कधी खेळलेलाच नव्हता. ‘जिन्यातच असू दे ना बे,’ तो म्हणाला, ‘मग काय झालं?’