कामावर असताना रिसोर्स, काढताना कलीग

मागच्या वर्षी एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला आमच्या कंपनीत सगळ्यांना एक मेल आला. 'आपल्या काही कलीग्सना' निरोप द्यावा लागतोय, अशा अर्थाचा. साडेअकराला माझ्या शेजारी बसणाऱ्याचं लॉगिन बंद झालं. तीन वर्षं आम्ही एकाच मॉड्यूलवर काम करत होतो आणि दुपारी एकाच टेबलावर डबा खात होतो. तो बॅग भरत होता आणि मी काय बोलावं ते न सुचून त्याच्या चार्जरची वायर गुंडाळत बसलो होतो.

तो मेल मी नंतर बऱ्याच वेळा वाचला. एखादी कथा पुन्हा पुन्हा वाचावी तसा. पाच परिच्छेदांत 'कलीग' हा शब्द चार वेळा होता. मग मी आमच्या प्रोजेक्ट प्लॅनचं जुनं एक्सेल उघडलं. तिथे हा शब्द एकदाही नव्हता. तिथे आम्ही सगळे 'रिसोर्स' होतो. दोन रिसोर्स पूर्ण वेळ, एक रिसोर्स पन्नास टक्के. म्हणजे कामावर असेपर्यंत रिसोर्स, आणि काढायची वेळ आली की कलीग. माझी तक्रार नेमकी या अदलाबदलीबद्दल आहे.

'कलीग'चं मूळ लॅटिन 'कोलेगा'त आहे. एखाद्या पदावर आपल्याबरोबरच नेमला गेलेला माणूस, असा त्याचा अर्थ. प्राचीन रोमच्या प्रजासत्ताकात दर वर्षी दोन कॉन्सल निवडले जात. दोघांचे अधिकार सारखे, आणि एकाचा निर्णय दुसरा अडवू शकायचा. एकाच्या हातात सगळी सत्ता जाऊ नये म्हणून ही सोय होती. म्हणजे कलीग हा नुसता बरोबर बसणारा नव्हे, आपल्याला 'नाही' म्हणू शकणारा माणूस.

आमच्या धंद्यात हे रोज घडतं. मी कोड लिहितो, पुल रिक्वेस्ट टाकतो, आणि माझ्या शेजारचा ती अडवून ठेवतो. 'इथे नल आला तर?' एवढंच लिहितो. मला राग येतो, पण त्याने हो म्हटल्याशिवाय माझा कोड पुढे जात नाही. त्या अर्थाने तो माझा खराखुरा कलीग होता. पण त्याचं नाव ज्या यादीत होतं, ती यादी आमच्यापैकी कोणीही अडवू शकत नव्हतं. शब्द रोमचा होता, अधिकार मात्र आमच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

या घराण्यातले बाकीचे इंग्रजी शब्दही असेच. 'असोसिएट' घ्या. वॉलमार्टच्या दुकानात फळ्यांवर माल लावणारा कर्मचारीही असोसिएट असतो. ऐकायला भागीदारासारखं वाटतं. हा शब्द आला लॅटिन 'सोशियस'वरून, म्हणजे सोबती, दोस्त. इटलीतल्या रोमच्या दोस्तांना 'सोशी' म्हणत. ते रोमसाठी सैनिक पुरवायचे, लढाईत मरायचे, पण नागरिकत्व त्यांना नव्हतं. शेवटी इसवी सन पूर्व ९१ मध्ये त्यांतल्या अनेकांनी रोमविरुद्धच शस्त्र उचललं. नाव दोस्ताचं आणि हक्क शून्य, हा प्रकार एचआरने शोधलेला नाही.

'कम्पॅनियन' म्हणजे मुळात बरोबर पाव खाणारा. 'कंपनी' हा शब्दही तिथूनच आला. 'कॉम्रेड' म्हणजे एका खोलीत राहणारा, आपला रूम पार्टनर. थोडक्यात, या शब्दांच्या मुळाशी डबा आहे, खोली आहे. ऑफर लेटर कुठेच नाही.

मग मराठीत काय म्हणायचं? कोशात 'सहकारी' आहे. बरोबर काम करणारा, अगदी चपखल. पण मी माझ्या आयुष्यात कोणाला 'हा माझा सहकारी' अशी ओळख करून देताना ऐकलेलं नाही. भाषणात, बातमीत, मंत्रिमंडळात सहकारी असतात. बाकी महाराष्ट्रात 'सहकारी' म्हटलं की पुढे बँक येते नाहीतर साखर कारखाना. १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आमच्या हाउसिंग सोसायटीलाही लागू आहे, आणि तिथल्या वार्षिक सभेत किती सहकार असतो ते सगळ्यांना माहीत आहे.

'भिडू' मला आवडतो. खेळात आपल्या बाजूने असलेला तो भिडू. पण मॅनेजरला भिडू म्हणून बघा. 'पार्टनर' आपण इतका आपलासा केला की वपु काळ्यांच्या कादंबरीचंच ते नाव आहे. आता मात्र ऑफिसात तो शब्द उच्चारला की नातं कुठलं, असा प्रश्न पडतो.

खरं तर मराठी माणूस इथे नाम वापरतच नाही. षष्ठी किंवा जागा वापरतो. 'ऑफिसमधला आहे.' 'माझ्याबरोबर असतो.' 'आमच्यातलाच.' हे मला फार गोड वाटायचं. पण 'आमच्यातला' आपल्याकडे आणखी कशासाठी वापरतात, हे तुम्हालाही माहीत आहे. पहिल्या नोकरीत असताना मी घरी एका मित्राचं नाव सांगितलं, तर नात्यातल्या एका काकांनी आधी आडनाव विचारलं आणि मग 'आपल्यातला का?' मी म्हटलं, 'कलीग आहे.' तो प्रश्न तिथेच थांबला.

तेव्हा 'कलीग'ला सरसकट नावं ठेवणं मला जमत नाही. या परक्या शब्दाला जात विचारता येत नाही. आपल्या गोड शब्दांच्या पोटात जे असतं, त्यापासून तो थोडा आडोसा देतो. मात्र तोच आडोसा त्या मेललाही मिळतो. कोण गेलं, कोणी काढलं, का काढलं, काहीच दिसत नाही. दिसतात फक्त 'काही कलीग्स'.

आमच्या आजोबांच्या तोंडी 'सावड' हा शब्द असायचा. आज मी तुझ्या शेतावर, उद्या तू माझ्या. त्यात माणसाला पदवी नाही, फक्त परतफेडीची आठवण आहे. सावडही बहुतेक आपापल्या भावकीतच व्हायची, म्हणून मी तिचे गोडवे गात नाही. पण एक हिशोब मला पटतो. तीन वर्षं ज्याने माझ्या चुका अडवल्या, त्याचं माझ्याकडे काही देणं निघतं. त्याचं लॉगिन बंद झालं म्हणून ते फिटत नाही.

त्याला नोकरी लागायला पाच महिने लागले. त्या काळात दर रविवारी तो माझ्याकडे यायचा, आम्ही मुलाखतीचे प्रश्न सोडवायचो, मी त्याची उत्तरं अडवायचो. एका रविवारी आईचा फोन आला. मागून त्याचा आवाज ऐकून तिने विचारलं, "कोण रे आलंय?" 'ऑफिसमधला' म्हणता येत नव्हतं, कारण तो ऑफिसमधला उरला नव्हता. 'कलीग' म्हटलं असतं तर तो मेल आठवला असता. मी त्याचं नाव सांगितलं. फक्त नाव.

आई म्हणाली, "जेवून जा म्हणावं त्याला."