यान आहे, घर नाही

मराठी विज्ञानकथेतली माणसं कृष्णविवरापर्यंत जाऊन आली. पण त्या वाटेवर यानात जेवण कोणी रांधलं, कोण कोणाशी अबोला धरून बसलं होतं, आजारी पडलेल्याच्या उशाशी कोण जागलं, हे त्या कथेनं क्वचितच सांगितलं. दोन बायका एकमेकींच्या प्रेमात पडल्या आहेत आणि त्यांच्याभोवती रक्ताचं नातं नसलेल्या चारपाच जणांचं कुटुंब जमत चाललं आहे, तेही अंतराळात, अशी मराठी कथा तर माझ्या वाचनात आलेलीच नाही. इंग्रजीत हा प्रकार आता चांगला रुळला आहे. बेकी चेंबर्स यांच्या ‘द लाँग वे टू अ स्मॉल, अँग्री प्लॅनेट’मध्ये (२०१४) अवकाशात बोगदे खणणारं एक जुनाट यान आहे. त्यावरची कारकून रोझमेरी आणि परग्रहवासी वैमानिक सिसिक्स हळूहळू जवळ येतात आणि कोणालाही त्याचा धक्का बसत नाही. अर्केडी मार्टिन यांच्या ‘अ मेमरी कॉल्ड एम्पायर’ला २०२० चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. तिथं दोन स्त्रियांचं प्रेम साम्राज्याच्या राजकारणात गुंतलेलं आहे. मालवणजवळच्या देवबागला बसून मोबाइलवर हे सगळं वाचता येतं. मराठीत मात्र अशा कथेचा प्रत्येक जिन्नस वेगळ्या डब्यात बंद आहे.

पहिला डबा विज्ञानकथेचा. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या लेखकाची ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि पहिली ठरली. स्वतःची आद्याक्षरं उलटी फिरवून जयंत नारळीकरांनीच ती पाठवली होती. अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून ती त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी आपल्या हातानं उतरवली होती. पुढच्याच वर्षी दुर्गा भागवतांनी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून या नव्या कथेची दखल घेतली. मग ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ ही पुस्तकं आली. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी हा संसार वाढवला. या पिढीनं स्वतःवर एक काम घेतलं होतं, ते म्हणजे मराठी वाचकाला विज्ञान समजावून देणं. त्यामुळे कथेचं मोल तिच्यातल्या कल्पनेवर ठरू लागलं आणि पात्रं त्या कल्पनेची ओझीवाहू झाली. बाईच्या वाट्याला बहुतेकदा प्रश्न विचारण्याचं काम आलं, कारण तिनं विचारल्याशिवाय शास्त्रज्ञाला उत्तर कसं देता येणार! याला सरळ दोष म्हणायला माझी जीभ कचरते, कारण काळ सगळीकडे सारख्या वेगानं चालत नाही हे माझ्यासारख्या अनेकांना पहिल्यांदा याच कथांनी सांगितलं. अपवादही आहेत. जावडेकरांची कथा यंत्रापेक्षा मनाकडे जास्त वळते, आणि मेघश्री दळवींसारख्या लेखिका आल्यावर कथेतल्या बायका नुसत्या ऐकत बसत नाहीत.

तरी एक गोष्ट हातची गेली. कृष्णविवराजवळ काळ मंदावतो, या कल्पनेइतका मोठा विरहाचा विषय विज्ञानानं साहित्याला दुसरा दिलेला नाही. गेलेली चाळिशीत परत येते आणि वाट पाहणारी सत्तरीला पोचलेली असते. चाकरमान्यांची वाट पाहण्यात पिढ्या घालवलेल्या कोकणात हे कोणाला समजावून सांगावं लागलं नसतं. आमच्या विज्ञानकथेनं त्यातलं गणित घेतलं आणि वाट पाहणारी तशीच दारात सोडून दिली.

दुसरा डबा स्त्रियांच्या परस्परप्रेमाचा. त्यावर अजूनही विजय तेंडुलकरांच्या नावाची चिठ्ठी आहे. ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) मधली सुमित्रा, म्हणजे मित्रा, नमावर प्रेम करते. रोहिणी हट्टंगडींनी ती उभी केली. नाटक धाडसी आहे, मित्राबद्दल त्याला कणव आहे. पण गोष्ट सांगतो बापू, तिच्यावर जीव असलेला तरुण. आपण मित्राला पाहतो ती त्याच्या नजरेतून, त्याला उमगेल तेवढीच. शेवटी ती जीव देते आणि तो सांगायला उरतो. पुढच्याच वर्षीचा ‘उंबरठा’ पाहा. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरचा चित्रपट, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, पटकथा पुन्हा तेंडुलकरांची. महिलाश्रमातल्या दोघींची जवळीक उघडी पडते आणि गदारोळ माजतो. परक्या बायका एका छपराखाली आल्या आहेत, म्हणजे निवडलेल्या कुटुंबाची सगळी सामग्री तिथं हजर आहे. पण त्या छपराखालचं नातं पडद्यावर येतं ते प्रकरण बनून. मला या दोन्ही कृतींबद्दल आदर आहे. तक्रार त्यांच्यानंतरच्या चाळीस वर्षांबद्दल आहे. १९९८ च्या डिसेंबरात, दोन स्त्रियांचं प्रेम दाखवणाऱ्या ‘फायर’ चित्रपटावरून मुंबईत चित्रपटगृहं फोडली गेली, हे त्या शांततेचं एक कारण असेल, सगळं नव्हे. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) पुढे गेली, पण तिथलं समलिंगी प्रेम दोन पुरुषांचं आहे. दोघी जिवंत राहतात, म्हाताऱ्या होतात, गॅसच्या बिलावरून भांडतात, एवढं साधं काही लिहायला आपण अजून धजलेलो नाही.

कायदा दरम्यान कुठल्या कुठे पोचला. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयानं विवाहाचा हक्क मात्र नाकारला. आणि मे २०२५ मध्ये, घरच्यांनी अडवून ठेवलेल्या एका तरुणीला तिच्या मैत्रिणीबरोबर जाऊ देताना, मद्रास उच्च न्यायालयानं म्हटलं की कुटुंब उभं करायला लग्न हा एकच मार्ग नव्हे. निवडलेलं कुटुंब ही कल्पना निकालपत्रात आली, कथेत यायची आहे.

आणि ती उसनी घ्यायचीही गरज नाही. मुंबईच्या गिरणगावात मालवण-देवगड-वेंगुर्ल्याच्या गावांच्या खोल्या असत. एका खोलीत एका गावचे कितीतरी गडी, पाळीप्रमाणे झोपणारे. रातपाळीचा उठला की दिवसपाळीचा त्याच वळकटीवर पडे. ट्रंक ठेवायची जागा ठरलेली, आजारपणाचा खर्च वर्गणीतून. लांब पल्ल्याच्या यानाची व्यवस्था याहून वेगळी काय असणार? या गड्यांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. देवबागच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढतात तिथला नियमही असाच, दोरीला हात लावला त्याला वाटा. तो कोणाचा कोण, हे नंतर. समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामध्ये चिंचोळी पट्टी, दोन्ही बाजूंनी पाणी जमीन खातंय, आणि तरी माणसं तिथंच घरं शाकारून राहताहेत. या भूगोलात वाढलेल्या लेखिकेला परग्रहावरची वस्ती कल्पायला नासाचं संकेतस्थळ उघडायला नको.

वास्तवही कथेच्या पुढे गेलं आहे. सॅली राइड १९८३ मध्ये अंतराळात जाणारी पहिली अमेरिकन स्त्री ठरली. टॅम ओशॉनेसी ही तिची सत्तावीस वर्षांची जोडीदार होती, हे जगाला कळलं ते २०१२ मध्ये, सॅलीच्या मृत्युलेखातून. मराठी वाचकाला या सगळ्यात रस नाही, असं संपादक म्हणतील तर ते मला पटत नाही. सुनीता विल्यम्स आठवडाभरासाठी अंतराळात गेली आणि २८६ दिवस अडकली, तेव्हा इथल्या चहाच्या टपरीवरसुद्धा प्रश्न एकच होता, ती खाते काय, झोपते कशी, सोबत कोण आहे. वाचकाला यानातलं घरच हवं होतं.

अशा कथेला मराठी भाषेची अडचण सांगतात, तीही मला उलटी वाटते. उर्सुला ल गीन यांनी ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’मध्ये (१९६९) लिंग स्थिर नसलेल्या माणसांना पुल्लिंगी सर्वनाम लावलं आणि पुढे त्याबद्दल टीका सोसली. आमच्याकडे तिसरं लिंग, नपुंसकलिंग, व्याकरणातच आहे, आणि मालवणीत तर लाडाच्या पोरीलाही ‘तां’ म्हणतात. परग्रहवासीयाला हाक मारायची सोय आजीनंच करून ठेवली आहे.

खरा अडसर कथेच्या लांबीचा आहे. मराठी विज्ञानकथा वाढली ती स्पर्धेत आणि दिवाळी अंकात, म्हणजे मोजक्या पानांत. तेवढ्या जागेत एक कल्पना मांडून शेवटी कलाटणी देता येते. परकी माणसं एकमेकांची होतात ती मात्र कंटाळ्यातून, रुसव्यातून, दुसऱ्यांदा केलेल्या चुकीच्या माफीतून, आणि त्याला पानं लागतात. दोघींचं प्रेम दहा पानांत कोंबलं की लेखक सवयीनं एकीला मारून शेवट गाठतो. कादंबरीला प्रकाशक बिचकतात हे मान्य. पण २०१७ पासून स्टोरीटेल या ऑडिओ-पुस्तकांच्या अ‍ॅपमुळे मराठीत भागाभागांच्या मूळ ऑडिओ-मालिका होऊ लागल्या आहेत, आणि रहस्यकथा, भयकथा तिथं केव्हाच जाऊन बसल्या. दहा भागांची मालिका, प्रत्येक भागात यानातला एक दिवस, स्फोट एकच आणि तोही सातव्या भागात: असा प्रस्ताव घेऊन विज्ञानकथाकारांनी आता तिथं जावं. आणि निर्मात्यानं कोणी मरतंय का असं विचारलं, तर नाही म्हणून सांगावं.