स्मारकशिलेचे क्रियापद : मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलमधील एका शिल्पाची चिकित्सा

ऐतिहासिक वास्तूचे परीक्षण करताना तिची शैली, तिचे परिमाण आणि बांधणीचा काळ यांची नोंद झाली, की अभ्यास पुरा झाला असे मानण्याचा प्रघात आहे. मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलच्या बाबतीत हा प्रघात अपुरा ठरतो. ही वास्तू जितकी बांधलेली आहे, तितकीच ती लिहिलेली आहे. तिच्या भिंतींवरील स्मारके मिळून एक संहिता तयार होते, आणि ग्रंथाची चिकित्सा करताना जो विवेक वापरावयाचा तोच येथेही वापरला पाहिजे.

वास्तूचा इतिहास थोडक्यात असा : गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याच्या कारकीर्दीत, सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात, हिच्या बांधकामास आरंभ झाला. त्याच्या मृत्यूनंतर सुमारे चाळीस वर्षे ते अर्धवट पडून राहिले. पुढे रिचर्ड कॉब या धर्मोपदेशकाने ते पुन्हा हाती घेतले व १७१८ च्या नाताळात चर्च उपासनेस खुले झाले. १८३७ मध्ये त्यास कॅथीड्रलचा दर्जा मिळाला. याच चर्चवरून कोटाच्या एका दरवाजास 'चर्चगेट' हे नाव पडले. १८६० नंतरच्या दशकात तट पाडला गेला, त्याबरोबर दरवाजाही गेला. नाव तेवढे रेल्वे स्थानकाकडे राहिले. रत्नागिरीहून पोटापाण्यासाठी मुंबईस गेलेल्या कितीतरी पिढ्यांच्या तोंडी हे नाव नित्याचे झाले. परंतु ज्या वास्तूचे ते नाव, ती हॉर्निमन सर्कलच्या वर्दळीत असूनही बहुतेकांना अपरिचितच राहिली.

आत प्रवेश करताच बाहेरचा गलबला मागे पडतो आणि भिंतींवरील संगमरवर बोलू लागतो. १८०८ मध्ये फ्रेंच युद्धनौकेशी लढताना पडलेल्या कॅप्टन हार्डिंजसारख्या योद्ध्यांची स्मारके येथे आहेत. त्यांची भाषा शौर्याची व शोकाची असून तीत अनपेक्षित असे काही नाही. चिकित्सकाने थांबावे ते जोनाथन डंकन याच्या स्मारकापाशी. डंकन हा १७९५ पासून १८११ मध्ये मृत्यू येईपर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. या स्मारकात बालकांच्या हाती एक पट दिला आहे, आणि काशी व काठेवाड या प्रांतांतील बालहत्या नाहीशी करण्यात आली, अशा आशयाचा मजकूर त्यावर कोरलेला आहे.

डंकनची कामगिरी खोटी नव्हती. काशीस रेसिडेंट असताना तेथील काही राजपूत कुळांतील कन्याहत्येची चाल त्याच्या लक्षात आली व ती सोडण्याचे करार त्याने लिहवून घेतले. पुढे त्याच्याच कारकीर्दीत अलेक्झांडर वॉकर याने काठेवाडातील जाडेजा संस्थानिकांकडून तशी वचने मिळविली. प्रश्न कोरलेल्या क्रियापदाचा आहे. मिळाले होते वचन. शिलेने नोंदविली ती फलश्रुती. वस्तुतः कन्याहत्येस आळा घालण्यासाठी सरकारला १८७० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, म्हणजे डंकनच्या मृत्यूनंतर एकोणसाठ वर्षांनी. जी चाल संपली असे शिला सांगते, ती संपली असती तर या कायद्याचे प्रयोजनच उरले नसते.

यावर असा आक्षेप संभवतो, की स्मारकलेख ही प्रशस्ती असते आणि प्रशस्तीकडे इतिहासाची मागणी करणे अरसिकपणाचे आहे. हा आक्षेप गुणवर्णनापुरता मान्य करता येईल. 'दयाळू', 'न्यायी' ही विशेषणे प्रशस्तीच्या अधिकारातील आहेत. एखादी चाल नाहीशी झाली, हे विधान मात्र वस्तुस्थितीविषयी आहे, आणि त्याची शहानिशा झालीच पाहिजे. शिवाय ज्या मुलींच्या नावे हा गौरव उभा आहे, त्यांना या शिल्पात स्वतःचा शब्द नाही. पट धरण्यापुरतेच बालकांचे तेथे स्थान आहे. महाराष्ट्रात १९८८ साली गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा करावा लागला, हे स्मरले म्हणजे या पूर्णविरामी क्रियापदाचा पोकळपणा अधिकच जाणवतो.

अशा संहितेचे वाचन एकट्या कॅथीड्रलमध्ये पुरे होत नाही. तिच्याशेजारी दुसरी संहिता ठेवावी लागते, आणि ती रत्नागिरीतच उपलब्ध आहे. ज्या सत्तेने मुंबईत आपल्या अधिकाऱ्यांचे गुण संगमरवरात कोरले, तिनेच १८८५ मध्ये ब्रह्मदेशाचा राजा थिबा यास पदच्युत करून पुढे रत्नागिरीस ठेवले. १९१० मध्ये पुऱ्या झालेल्या राजवाड्यात राहून १९१६ मध्ये तो तेथेच निवर्तला. कॅथीड्रलमध्ये सत्ता स्वतःविषयी बोलते. थिबा राजवाड्यात तिने पराभूतास दिलेले घर तेवढे दिसते. पहिल्या ठिकाणी लेख विपुल आहेत, म्हणून संशय हवा; दुसऱ्या ठिकाणी वास्तू अबोल आहे, म्हणून दफ्तरांचा आधार हवा. कोकणातील अभ्यासकाने ही दोन्ही स्थळे एकाच अभ्यासक्रमातील पाठ्यपुस्तके मानावीत. कॅथीड्रलला भेट देणाऱ्या विद्यार्थ्याने शिल्पाचे सौष्ठव अवश्य पाहावे. परंतु टिपणवहीत प्रथम क्रियापदे उतरून घ्यावीत, आणि त्यांपैकी कोणती खरी ठरतात, हे ग्रंथालयात येऊन तपासावे.