'इंडियन समर' : विग्रह आणि पुरावा

'इंडियन समर' या इंग्रजी सामासिक शब्दाची व्युत्पत्ती सांगणारे पुष्कळ आहेत. पुराव्याचे पाठबळ मात्र अल्प आहे. शरद ऋतूत पहिले हिम पडून गेल्यावर हवा काही दिवस पुन्हा उबदार, शांत व धूसर होते. त्या अवधीस उत्तर अमेरिकेत ही संज्ञा लावतात.

हिंदी महासागरात जाणाऱ्या जहाजांच्या भाररेषेवरील आद्याक्षरांपासून हा शब्द निघाला, असे एक मत आहे. कालक्रम त्यास बाधक ठरतो. ब्रिटनमध्ये भाररेषा कायद्याने बंधनकारक झाली ती १८७६ साली. शब्दाचा प्रयोग मात्र क्रेव्हकूर याच्या अमेरिकेतील १७७८ च्या लेखनात आढळतो. यावरून येथील 'इंडियन' म्हणजे त्या खंडाचे मूळ रहिवासी, एवढे निश्चित मानता येते.

खरी अडचण यापुढे आहे. हे लोक त्या दिवसांत शिकार करीत, असे कोणी म्हणतात. ते गवत पेटवीत व त्या धुराने हवा धूसर होई, असे दुसरे सांगतात. 'इंडियन' म्हणजे 'खोटा', हा वसाहतवाल्यांचा तुच्छतादर्शक अर्थ, असे तिसरे मत आहे. परतफेडीच्या अपेक्षेने दिलेल्या भेटीस 'इंडियन गिफ्ट' म्हणत, ही हचिन्सनची १७६५ मधील नोंद या मतास अनुकूल भासते. परंतु मक्यालाही 'इंडियन कॉर्न' म्हणत. तेथे खोटेपणाचा गंध नाही. एकाच पूर्वपदाची अशी दोन साधर्म्ये उपलब्ध असता सोयीचे तेवढे निवडणे शास्त्रशुद्ध नव्हे.

'साखरभात' या मध्यमपदलोपी समासाचा विग्रह मराठी भाषकास सहज करता येतो, कारण तो पदार्थ त्याच्या परिचयाचा असतो. लुप्त पद शब्दातून नव्हे, व्यवहारातून भरून निघते. 'इंडियन समर'च्या बाबतीत तो मूळ व्यवहारच अज्ञात आहे. म्हणून वरील तिन्ही मते म्हणजे तीन संभाव्य विग्रह होत. त्यांस व्युत्पत्ती म्हणता येत नाही.

अल्बर्ट मॅथ्यूज यांनी १९०२ साली 'मंथली वेदर रिव्ह्यू'मध्ये या शब्दाचे प्रयोग कालक्रमाने मांडले. त्यांना सापडलेला सर्वांत जुना प्रयोग १७९४ चा होता. क्रेव्हकूरचे ते लेखन १९२५ साली प्रसिद्ध झाले व कालमर्यादा मागे गेली. उपपत्तींपैकी एकही सिद्ध होत नाही, हा मॅथ्यूज यांचा निष्कर्ष मात्र त्याने ढळला नाही. नवी नोंद शब्दाचे वय वाढवते. लुप्त पद पुरवतेच असे नाही. व्युत्पत्तीच्या अभ्यासकाने हा भेद सदैव ध्यानी ठेवला पाहिजे.