हात लावू नये

वाशीत मिरजेच्या संगीतपरंपरेचं प्रदर्शन लागलं आणि ही मला घेऊन गेली. ‘मी हिला घेऊन गेलो’ असं लिहायची रीत आहे, पण आमच्या घरात संगीताचं खातं तिच्या नावावर आहे. मी नुसता नॉमिनी. लग्नापूर्वी ती गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा द्यायची. प्रमाणपत्रं मिरजेहून यायची. आता मंडळाची वास्तू वाशीतसुद्धा आहे आणि हिचा तंबोरा जुन्या चादरीत गुंडाळून आमच्या माळ्यावर. मंडळ जवळ आलं, तंबोरा लांब गेला.

दारातच उद्घाटक पाहुण्यांचा फोटो होता. आत खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचाही होता, पण पाहुण्यांच्या एका कानात खाँसाहेब फेट्यासकट मावले असते.

फलक मात्र मी सगळे वाचले. आकडा दिसला की पडताळायचा, ही वीस वर्षांची खोड. विष्णु दिगंबर पलुस्कर, जन्म १८७२, कुरुंदवाड. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिक्षण. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय. बरोबर. खाँसाहेबांचं निधन १९३७, मद्रासकडून पाँडिचेरीला जाताना वाटेतल्या रेल्वे स्टेशनवर; कबर मिरजेच्या दर्ग्यात. बरोबर. सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन, २०२४. तेही बरोबर. चूक एकही सापडली नाही. थोडा हिरमुसलोच.

सतारमेकरांचा फलक सगळ्यात चांगला. हे मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. तलवारींची गिऱ्हाइकं सरत चालली, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी वाद्यं करायला घेतली. तलवार सोडून सतार धरणारं घराणं! बाजूला पंढरपूरकडचा वाळवलेला भोपळा अर्धा कापून ठेवला होता. एक गृहस्थ बायकोला म्हणाले, “याची भाजी केली तर गल्ली जेवेल.” कडू असतो, असं मी सांगणार होतो, पण तोवर ते उद्घाटकांच्या फोटोशेजारी स्वतःचा फोटो काढायला गेले.

मग मुख्य दालन. काचेच्या कपाटांत बारा तंबोरे आणि प्रत्येकावर पाटी : ‘हात लावू नये.’ दालनभर तंबोऱ्याचा आवाज मात्र घुमत होता.

“यातला कुठला वाजतोय?” मी स्वयंसेवकाला विचारलं.

“कुठलाच नाही, काका. ते मोबाइलमधलं ॲप आहे. स्पीकरला जोडलंय.”

म्हणजे ज्या यंत्रानं या कपाटातल्यांचं गिऱ्हाईक पळवलं, त्यालाच त्यांच्या सत्काराला गायला बसवलं होतं. मेजवानी सुगरणीच्या नावानं आणि पानात बाहेरून मागवलेला पुलाव!

खरा माणूस शेवटी सापडला. चहाच्या टेबलापलीकडे, मिरजेहून आणलेले एक कारागीर सतरंजीवर बसले होते. पुढ्यात कानस, दोरा आणि एक उघडा तंबोरा. काम काहीच चाललं नव्हतं.

“जवारी लावून दाखवायला बोलावलंय,” ते वरच्या स्पीकरकडे बोट करून म्हणाले, “पण ऐकू कसं यायचं? जवारी कानानं लागते. बंद करा म्हटलं तर रिमोट ठेकेदाराकडं.”

पावणेदोनला ठेकेदाराचा माणूस जेवायला गेला आणि जाताना बटण बंद करून गेला. कारागिरांनी घोडीवर एक-दोनदाच कानस फिरवली आणि तार छेडली. भांड्यावर चमचा पडावा तसा आवाज. मग तार आणि घोडीच्या मध्ये दोरा सरकवला. केसभर पुढे, केसभर मागे. आणि एका जागी ती तार अशी बोलायला लागली, की चहाच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. वाजवून वाजवून घोडीवर तारेच्या खाचा पडतात, मग जवारी पुन्हा काढावी लागते, असं ते सांगत होते. खाँसाहेबसुद्धा वाद्यदुरुस्तीची हत्यारं जवळ बाळगत आणि हे काम स्वतः करत. एवढ्या फलकांत ही गोष्ट कुठेच नव्हती. म्हणजे चूक होती. मी आकड्यांत शोधत बसलो.

ही केव्हा खाली बसली, मला कळलं नाही. “लावू का हात?” तिनं विचारलं.

“बाई, हात लावायलाच ठेवलाय.”

तिनं चारही तारा छेडल्या. षड्जाला गळा लावला. अगदी हळू, चहावाल्याला ऐकू जाणार नाही इतका. दुसऱ्यांदा जरा मोठा. तिसऱ्यांदा लावणार, तोच वरचा स्पीकर पुन्हा घुमू लागला. ठेकेदाराचा माणूस हात पुसत परत आला होता.

घरी येताना रिक्षात ती गप्प होती. नेरूळचा सिग्नल लागला तेव्हा म्हणाली, “अहो, महालक्ष्मी एक्स्प्रेस कल्याणला किती मिनिटं थांबते?”

“का?”

“तंबोरा घेऊन चढायचं म्हणजे वेळ लागेल ना.”