आधी पोटोबा, मग नटोबा
गुजरातच्या वेशीला टेकलेल्या आमच्या वेवजीत जेवताना देखावा फुकट मिळतो. अंगणात पान मांडलं, की समोर ताडाची झाडं हजर! रात्री तारपा वाजला, तर जेवलेली माणसं उठून नाचतात. पेंगायची सोयच नाही. नाटकासाठी ठाण्याला आलं, की मात्र देखावा बिलात धरलेला असतो. तरी ती चैन मी करतो. गडकरी रंगायतन १९७८ साली मासुंदा तळ्याकाठी उभं राहिलं, ते बहुधा माझ्यासारख्यांची सोय बघूनच! पाण्यात दिवे हलत असले, की थालीपीठ एरवीपेक्षा खमंग लागतं.

तक्रार आहे ती प्रमाणाबद्दल. १८८० साली किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं, पुढे संगीत नाटकं पहाटेपर्यंत रंगू लागली. तेव्हा दाबून जेवणं ही पूर्वतयारी होती. आता नाटक दोन अंकांवर आलं आणि जेवण सूपपासून आइस्क्रीमपर्यंत पाच अंकी झालं! मग नायिका हुंदका आवरते आणि तिसऱ्या रांगेतून ढेकर येतो. नटाने तालमीत घासून घासून कमावलेली ती क्षणभराची शांतता आपण पनीरच्या भाजीवर घालवतो. वाईट याचं वाटतं.

ज्या गडकऱ्यांचं नाव त्या वास्तूला आहे, त्यांनी ‘एकच प्याला’ लिहिलं. चहापुरता तरी तो हिशेब पाळावा. एक थालीपीठ, एकच प्याला आणि तिसऱ्या घंटेआधी खुर्चीत! तळं काय, मध्यंतरातही तिथेच असतं.