परागंदा राजा : मुद्राचित्र आणि वदंता

इंग्लंडचा पदच्युत राजा दुसरा जेम्स सेंट जर्मेन येथे पोहोचतो आणि चौदावा लुई त्याचे स्वागत करतो, हा प्रसंग डच चित्रकार रोमेन द होघे याने १६८९ मध्ये ताम्रपटावर कोरून छापला. लौकिकार्थाने हा राजसन्मान. पण द होघे विल्यमचा पक्षपाती. ज्या डच प्रेक्षकासाठी हे मुद्राचित्र निघाले, त्याच्या दृष्टीने हे स्वागतच आरोपपत्र ठरते. पहिल्या पलायनात जेम्सला फॅव्हरशॅमच्या कोळ्यांनी पकडले होते. दुसऱ्या वेळी विल्यमच्या पहाऱ्याने काणाडोळा केला. त्याच वर्षी लंडनच्या संसदेने या पळण्याला ‘राज्यत्याग’ ठरवले. चित्र आणि ठराव या दोन्ही संहिता ‘घालवला’ या क्रियापदाचे ‘गेला’ करतात, आणि तेथे कथन मिटते.

वऱ्हाडात ते मिटले नाही. नागपूरकर आप्पासाहेब भोसले मे १८१८ मध्ये प्रयागकडे नेले जात असता शिपायाच्या वेषात इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटले. महादेवाचे डोंगर, अशीरगड, पंजाब, अखेर जोधपूर. तेथेच १८४० मध्ये मृत्यू. नागपूरच्या गादीवर जून १८१८ मध्येच अल्पवयीन तिसरे रघूजी बसवले गेले होते. दप्तरापुरते प्रकरण संपले. परंतु मेळघाटापलीकडच्या डोंगरांत शिरलेला हा राजा कोठे ‘पोहोचला’, हे अमरावती-अकोल्याच्या रयतेला दाखवणारे चित्र नव्हते. होती ती वदंता, आणि वदंतेला चौकट नसते.

१८४९ मध्ये, आप्पासाहेबांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, स्वतःस आप्पासाहेब म्हणवणारा एक इसम वऱ्हाडात फौज जमवून उभा राहिला. निजामाच्या सैन्याला त्याचा पाठलाग करावा लागला. मराठी वाचकाला येथे भाऊसाहेबांचा तोतया आठवणारच (न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ने तो रंगभूमीवरही आणला), मात्र ही तुलना फसवी आहे. भाऊंच्या बाबतीत संशय होता तो पानिपतावरील मृत्यूचा. इथला मृत्यू एका दरबाराच्या आश्रयाखाली, रीतसर झालेला. म्हणून ‘तोतया’ हा शब्द अपुरा पडतो. तो फक्त चेहऱ्याची शहानिशा करतो. देवगावच्या १८०३ च्या तहाने भोसल्यांकडून निजामाकडे गेलेल्या या मुलखात ‘आप्पासाहेब’ हे व्यक्तिनाम कमी आणि हरवलेल्या सत्तेचे चिन्ह अधिक होते. चिन्हाला मृत्यूची तारीख लागू होत नाही.

त्या इसमाचे बंड त्याच वर्षी मोडले. १८५३ मध्ये वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेले, आणि १८५४ मध्ये नागपूरची गादीच खालसा झाली.